स्तोत्रावरून भक्तिकविता लिहिताना स्तोत्राचे नेमके काय घ्यावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: ‘बायबलमधली स्तोत्रसंहिता मी अनेक वर्षे नित्य वाचत आलो आहे आणि तिच्या प्रेरणेने भक्तिकविता लिहिण्याचा प्रयत्न करतो, पण लिहून झाल्यावर हाती येतो तो एक तर मूळ स्तोत्राचा यमक जुळवलेला पद्यानुवाद, नाही तर छोटेसे प्रवचन. स्तोत्राचे नेमके काय उचलावे, देवाजवळ तक्रार करावी की नाही, आणि कविता छंदात लिहावी की मुक्त?’ सोबत 23व्या स्तोत्रावरची आपली सोळा ओळींची कविताही आहे. तिच्याकडे मी शेवटी येतो, कारण आपल्या प्रश्नाचे उत्तर तिच्यातच एका ओळीत दडलेले आहे.

स्तोत्रातून बहुतेक जण सर्वप्रथम उचलतात ते त्यातले सामान: मेंढपाळ, हिरवी कुरणे, खडक, गड, ढाल, एजोब. मीही सुरुवातीची कित्येक वर्षे हेच केले. ज्यांनी ही स्तोत्रे प्रथम गाइली त्यांच्या हाताखालच्या या वस्तू होत्या. एजोब ही झुडपासारखी वनस्पती; तिची जुडी रक्तात किंवा पाण्यात बुडवून शुद्धीकरणाच्या विधीत शिंपडत असत. म्हणून 51व्या स्तोत्रातला पापी माणूस जेव्हा एजोबाने शुद्ध कर असे म्हणतो, तेव्हा त्याच्या श्रोत्यांच्या अंगावर थेंब पडल्यासारखे होत असेल. आपल्या वाचकाला एजोब फक्त शास्त्रपाठात भेटतो. तो शब्द कवितेत आला की कविता पवित्र वाटू लागते, पण अंगावर काही पडत नाही. तेव्हा वस्तू उसनी घेऊ नये. त्या वस्तूने मूळ स्तोत्रात जे काम केले, ते आपल्या आयुष्यातली कोणती वस्तू करील याचा शोध घ्यावा.

स्तोत्र करते तरी काय? माझ्या समजुतीप्रमाणे दोन गोष्टी. ते कोणाशी तरी बोलते, आणि बोलणारा जिथून निघाला तिथेच शेवटी उभा राहत नाही. संबोधन आणि वळण या दोन गोष्टी हाती आल्या, तर मूळ स्तोत्रातला एकही शब्द न घेता त्यावरची कविता लिहिता येते. त्या निसटल्या, तर सगळे शब्द घेऊनही हाती पद्यानुवादच उरतो.

13वे स्तोत्र समोर ठेवा. ते केवळ सहा वचनांचे आहे आणि शिकण्यासाठी त्याच्याइतके सोयीचे दुसरे स्तोत्र मला माहीत नाही. पहिल्या दोन वचनांत ‘किती काळ?’ हा प्रश्न चार वेळा येतो: तू मला किती काळ विसरणार, किती काळ तोंड लपवणार, मी मनात किती काळ चिंता वाहू, माझा वैरी किती काळ वरचढ राहणार. प्रश्न तोच, पण रोख बदलत जातो, आधी देवाकडे, मग स्वतःकडे, मग वैऱ्याकडे. पुढच्या दोन वचनांत मागणे आहे: पाहा, उत्तर दे, माझे डोळे उजळ, नाही तर मला मरणाची झोप लागेल. आणि मग पाचव्या वचनाच्या तोंडाशी मूळ हिब्रूत एक छोटा शब्द येतो, ‘वअनी’, म्हणजे ‘पण मी’. पण मी तर तुझ्या अढळ प्रीतीवर भरवसा ठेवला आहे. या दोन भागांच्या मध्ये बाहेर काहीही घडलेले नाही. वैरी हरल्याची वार्ता आलेली नाही, दुखणे बरे झालेले नाही. वळण घडले आहे ते ‘पण मी’ या दोन शब्दांत. हाच ‘वअनी’ 73व्या स्तोत्रातही येतो. दुर्जनांची भरभराट पाहून ज्याचा पाय घसरायच्या बेतात होता, तो माणूस अखेर ‘पण मी सतत तुझ्याजवळ आहे’ असे म्हणतो.

नवोदितांच्या कवितांत मला सर्वांत अधिक आढळणारा दोष याच ठिकाणचा आहे. लिहिणारा दोन ओळी दुःख मांडतो, तोच त्याला अपराधी वाटू लागते आणि तिसऱ्या ओळीत तो घाईघाईने स्तुतीकडे वळतो. तक्रार पुरती बोलून झालेली नसते, त्यामुळे ‘पण’ला रेटा द्यायला काही उरतच नाही, आणि स्तुती वरून चिकटवल्यासारखी दिसते. 13व्या स्तोत्रात चार प्रश्न झाल्याशिवाय मागणे येत नाही आणि मागणे झाल्याशिवाय भरवसा येत नाही, हा क्रम मोडण्यापूर्वी निदान दहा वेळा पाळून पाहावा.

देवाजवळ तक्रार चालते का, या प्रश्नाचे उत्तर यातच आले. तरी दोन शब्द अधिक. 150 स्तोत्रांत विलापाची स्तोत्रे कोणत्याही इतर प्रकारापेक्षा संख्येने जास्त आहेत, आणि तरीही या संग्रहाला हिब्रूत ‘तेहिल्लीम’ म्हणजे स्तवने असे नाव आहे. ज्यांनी हे नाव दिले त्यांना रडणे हाही स्तवनाचाच भाग वाटला असावा. मराठी वाचकाला तर देवाशी भांडणारा भक्त मुळीच नवा नाही. तुकोबांच्या गाथेत विठ्ठलाला सुनावलेल्या अभंगांची कमतरता नाही. पथ्य एकच पाळावे. 22वे स्तोत्र ‘माझ्या देवा, माझ्या देवा’ असे म्हणून मगच ‘तू मला का टाकलेस’ असे विचारते. टाकणाऱ्यालाही ‘माझा’ म्हणणे सुटलेले नाही. 88व्या स्तोत्राला तर वळणच नाही. ते अंधारात संपते, इतके की हिब्रूत त्याचा शेवटचा शब्दच ‘अंधार’ असा आहे. पण तेही सुरू होते ते देवाला तारणारा म्हणून हाक मारूनच. त्यामुळे एखादी कविता अंधारात संपली म्हणून ती भक्तिकविता नाही असे कोणी म्हणाले तर डगमगू नये. हाक तुटली आहे का, एवढेच तपासावे. देवाला सोडून वाचकाकडे तोंड फिरवून केलेली तक्रार ही कैफियत असते, आणि देवाला सोडून वाचकाकडे तोंड फिरवून केलेली स्तुती म्हणजेच ते प्रवचन, ज्याचा आपल्याला त्रास होतो.

आता उदाहरण घेऊ. मोठ्या अभंगाचा साचा, म्हणजे सहा, सहा, सहा आणि चार अक्षरे, दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणांत यमक, वापरून मुद्दाम लिहिलेले हे कडवे पाहा:

दयाघना देवा,
करुणासागरा,
तूच एक थारा
पामराला.

अक्षरे मोजून घ्या, कुठेही चूक नाही. आणि तरीही या कडव्यात कोणीच कोणाशी बोलत नाही. चारही चरण इतक्या हातांतून फिरले आहेत की त्यांच्यावरचा ठसा झिजून गेला आहे. आता 13व्या स्तोत्रातला ‘किती काळ’ मनात धरून, पण त्यातले काहीही उचलून न आणता, त्याच साच्यात लिहिलेली ही दोन कडवी:

किती रात्री झाल्या
दिवा तेवताना,
तुझा शब्द येना
उंबऱ्याशी.

तरी दार माझे
उघडेच राहे,
वाट तुझी पाहे
अंधारात.

ही फार मोठी कविता आहे असे मी म्हणत नाही. दुसऱ्या कडव्यातले ‘राहे’ आणि ‘पाहे’ हे यमक सोपे आहे, हे मलाही दिसते. पण येथे एक माणूस आहे, एक दार आहे, एक हाक आहे आणि ‘तरी’ या शब्दाशी वळण आहे. ‘तरी’ने अंधार हटवलेला नाही, आणि तो हटवला नाही म्हणूनच ते वळण खरे वाटते.

स्तोत्रांची दुसरी मोठी देणगी म्हणजे जोडओळी. 1753 मध्ये रॉबर्ट लोथ या इंग्रज विद्वानाने हिब्रू काव्याचा हा गुण नीट उलगडून दाखवला: ओळीचे दोन भाग असतात आणि दुसरा भाग पहिल्याला प्रतिसाद देतो, कधी तोच अर्थ फिरवून सांगतो, कधी उलट बाजू दाखवतो, कधी पुढे नेतो. हे एक प्रकारे अर्थाचे यमक आहे, आणि अर्थाचे असल्यामुळेच ते भाषांतरातही टिकते. नादाचे यमक भाषांतरात वाहून गेले असते. मात्र या गुणाची नक्कल करताना पुष्कळ जण फसतात. ‘देव माझा आधार आहे, प्रभू माझा आश्रय आहे’ या ओळीत दुसरा भाग नुसता बसून आहे. जेम्स क्युगेल या अभ्यासकाने 1981 मध्ये असे दाखवून दिले की स्तोत्रातला दुसरा भाग क्वचितच नुसता पुनरुक्ती करतो. तो बहुधा ‘इतकेच नव्हे, तर’ असे म्हणत असतो. म्हणजे ‘माझे डोळे थकले’ असे लिहिल्यावर ‘माझी नजर शिणली’ असे न लिहिता ‘आणि कडी वाजेल म्हणून कान जागे राहिले’ असे लिहावे. थकवा डोळ्यांवरून कानांवर आला, आणि येताना आशा घेऊन आला. प्रत्येक जोडओळीचा दुसरा भाग झाकून पहिला वाचावा; काही उणे भासले नाही तर दुसरा भाग बिनकामाचा समजावा.

कधीकधी मात्र जशीच्या तशी पुनरुक्तीच हवी असते. 130व्या स्तोत्रात जीव प्रभूची वाट पाहतो, पहारेकरी पहाटेची वाट पाहतात त्याहून अधिक; आणि लगेच तेच शब्द पुन्हा येतात, पहारेकरी पहाटेची वाट पाहतात त्याहून. येथे नवे काही सांगितलेले नाही. दुसऱ्यांदा वाचताना रात्र लांबते, एवढेच, आणि तेवढ्यासाठीच ती पुनरुक्ती आहे.

छंदाविषयी आपण विचारले आहे. हिब्रू स्तोत्रांत आपल्यासारखे नियमित अंत्ययमक नाही, तेव्हा स्तोत्राशी इमान राखण्यासाठी यमक हवेच असे नाही. पण अक्षरांची आणि आघातांची, म्हणजे उच्चारात पडणाऱ्या जोराची, जाण त्यांत आहे, आणि विलापात पुष्कळदा ओळीचा पहिला भाग लांब व दुसरा आखूड असतो, तीन आघात आणि मग दोन. बोलणाऱ्याचा श्वास मध्येच तुटावा तसा. हे कळल्यावर मला आपल्याच घरातल्या छंदांकडे नव्याने पाहावेसे वाटले. अभंगाचा चौथा चरण चार अक्षरांचा, ओवीचा शेवटचा चरण अर्धा. तिथेही आवाज असाच आखूड होऊन थांबतो. म्हणून विलापस्तोत्रावर लिहायचे असेल तर मोठा अभंग किंवा ओवी घ्यावी, आणि धावत्या स्तुतीसाठी आठ-आठ अक्षरांचा छोटा अभंग किंवा मुक्त रचना. या छंदांत ख्रिस्ती आशय बसतो की नाही, ही शंका बाळगण्याचे कारण नाही. फादर स्टीफन्स यांनी 1616 मध्ये छापलेल्या ख्रिस्तपुराणात ओवी वापरली आणि पुढे ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी अभंग. अडचण वेगळीच आहे. मराठीत यमक फार स्वस्त मिळते, कारण क्रियापदे आणि विभक्तिप्रत्यय ओळीच्या शेवटी येऊन आपोआप जुळतात: करतो, स्मरतो, धरतो. असे यमक कानाला लागते पण मनाला लागत नाही. शक्य तिथे क्रियापद ओळीच्या पोटात न्यावे आणि शेवटी नाम ठेवावे. तेही जमत नसेल तर मुक्त लिहावे आणि सगळा भार जोडओळींवर टाकावा.

गाण्यासाठी लिहीत असाल तर अर्थ कडव्यातच पुरा करावा, चरणाच्या शेवटी दीर्घ स्वर असावा आणि जोडाक्षरांची गर्दी टाळावी. ध्रुवपद घ्यायचे असल्यास 136वे स्तोत्र अभ्यासावे. त्यात 26 वचने आहेत आणि प्रत्येकाच्या शेवटी तीच एक ओळ, त्याची दया सनातन आहे. आकाश निर्माण करण्यापासून मिसर देशातून, म्हणजे इजिप्तमधून, इस्राएली लोकांच्या सुटकेपर्यंत आणि शेवटी सर्व प्राण्यांना अन्न देण्यापर्यंत मजकूर सरकत जातो, त्यामुळे ओळ तीच असली तरी दरवेळी वेगळ्या गोष्टीवर पडते. ध्रुवपद चौथ्या कडव्यातही पहिल्या कडव्याइतकेच सांगत असेल तर दोष ध्रुवपदाचा नसून कडव्यांचा असतो.

वर्णानुक्रमी स्तोत्रांचा, म्हणजे वचनांची आद्याक्षरे वर्णमालेच्या क्रमाने येतात अशा रचनेचा, मोह होतो, तो आवरलेला बरा. 119वे स्तोत्र हिब्रूच्या 22 अक्षरांवर, प्रत्येकी आठ वचनांचे, असे 176 वचनांचे उभे आहे. मराठीत तो खेळ करायला गेलो की ङ, ञ आणि ण अडून बसतात. गंमत अशी की 145व्या स्तोत्राच्या परंपरागत हिब्रू संहितेत ‘नून’ या अक्षराचे वचनच नाही, तेव्हा एखादे अक्षर गाळायला आपल्यालाही हरकत नसावी.

स्तोत्रातला ‘मी’ हा विषय मला फार महत्त्वाचा वाटतो. स्तोत्रातला माणूस अत्यंत खासगी बोलतो आणि तरीही त्याचे दुखणे कोणते, वैरी कोण, हे बहुधा सांगत नाही. ज्याच्या नावावर बरीच स्तोत्रे आहेत त्या दाविद राजाच्या आयुष्यातला प्रसंग काही शीर्षकांत दिलेला असतो, पण स्तोत्राच्या अंगात तो क्वचितच उतरतो. प्रसंग असा मोकळा सोडल्यामुळेच शेकडो वर्षांनंतरचा आजारी, फसवला गेलेला किंवा पश्चात्तापाने पोळलेला माणूस त्या ‘मी’मध्ये शिरू शकतो. पण प्रसंग मोकळा ठेवला म्हणून भावना मोघम होत नाही, कारण ती शरीरावर उमटवलेली असते. 6व्या स्तोत्रात अंथरूण आसवांनी भिजते, 102व्यात हाडे चुलीसारखी जळतात आणि माणूस धाब्यावरच्या एकट्या पाखरासारखा जागत बसतो, 56व्यात आसवे देवाने बुधलीत भरून ठेवावीत असे मागणे आहे. आपण नेमके उलटे करतो. प्रसंग तपशिलाने सांगतो आणि भावना ‘व्याकूळ’, ‘विव्हल’ अशा विशेषणांवर सोपवतो.

येथे मराठीने आपल्याला एक सोय करून दिली आहे. हिब्रूतला ‘नेफेश’ हा शब्द आपण ‘जीव’ किंवा ‘आत्मा’ असा करतो, पण त्याच्या मुळाशी गळा, घसा हा अर्थ आहे. 69व्या स्तोत्रात पाणी ‘नेफेश’पर्यंत चढले आहे, म्हणजे गळ्याशी आले आहे, आणि 42व्यात तहान लागली आहे ती त्याच ‘नेफेश’ला. आपल्या ‘जीव’ या शब्दातही शरीर आणि मन वेगळे काढता येत नाहीत: जीव कासावीस होतो, टांगणीला लागतो, थाऱ्यावर येतो. ‘आत्मा’ लिहिला की कविता एकदम वर उडते. ‘जीव’ लिहिला की तिला घसा आणि कोरड मिळते. याच कारणाने मी मज, तुज, करी, देई असली जुनी रूपे शक्यतो टाळतो. सबंध कविता त्या बोलीत असेल तर शोभतात. आधुनिक वाक्यांत अक्षरे भरण्यापुरती पेरली तर खोटी वाटतात. देवाला मात्र ‘तू’च म्हणावे. ‘आपण’ म्हटले की अर्ज लिहिल्यासारखे होते.

संतापाच्या स्तोत्रांबद्दल आपण विचारलेले नाही, पण लिहीत राहिलात तर ती वाटेत येणारच. 137वे स्तोत्र बाबेलच्या, म्हणजे इस्राएली लोकांना जिथे बंदिवान करून नेले त्या बाबिलोनच्या, नद्यांकाठी, वाळुंजांवर वीणा टांगून सुरू होते, आणि बाबेलच्या लेकरांविषयीच्या इतक्या क्रूर इच्छेने संपते की पुष्कळ गीतरचना ते वचन गाळूनच केल्या जातात. माझे मत असे की गाळून लिहावे, पण गाळले आहे हे स्वतःपुरते लक्षात ठेवावे. त्या शेवटाशिवाय सुरुवातीची आसवे नुसती सुंदर होतात. सूडाची इच्छा देवाच्या हाती सोपवणे हे त्या स्तोत्राचे काम आहे. ते काम करणारी ओळ आपल्या वहीत जरूर लिहावी, पण जी व्यक्ती ओळखू येईल तिच्यावर रोखलेली ओळ मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभेत, वाचू नये. अशी एक कविता मी एकदा वाचली होती आणि त्या दिवशी श्रोत्यांनी देवाकडे नव्हे, मागच्या बाकाकडे वळून पाहिले.

कवितेची लांबी ही काही भक्तीची मोजपट्टी नव्हे. 131वे स्तोत्र तीन वचनांचे आहे आणि त्यात प्रतिमा एकच: अंगावरचे दूध तुटलेले मूल आईजवळ शांत पडून आहे. ते आता दुधासाठी आलेले नाही, आईसाठी आले आहे. एवढ्यावर थांबण्याचे धैर्य मला अजूनही सहज होत नाही.

आता आपली कविता. तिच्या पहिल्या बारा ओळींत मेंढपाळ आहे, कुरण आहे, संथ पाणी आहे, आणि सर्वत्र देवाचा उल्लेख ‘तो’ असा आहे. तेराव्या ओळीत आपण लिहिले आहे, ‘तुझे नाव घेताना आज माझा आवाज बसला’, आणि पुढच्या तीन ओळींत पुन्हा ‘तो’कडे गेला आहात. आता 23वे स्तोत्र सर्वनामांकडे लक्ष ठेवून वाचा. सुरुवातीला तेही ‘तो’ म्हणते: तो मला निजवतो, तो मला नेतो, तो माझा जीव ताजातवाना करतो. मग चौथ्या वचनात मृत्यूच्या छायेची दरी येते, आणि नेमके तिथेच ‘तो’चा ‘तू’ होतो: तू माझ्याबरोबर आहेस. कुरणात असताना देवाविषयी बोलून भागत होते. दरीत उतरल्यावर त्याच्याशीच बोलावे लागले. आपली तेरावी ओळ ही आपली दरी आहे, आणि ती आपल्याला न शोधता सापडली आहे. पहिल्या बारा ओळी बाजूला काढून ठेवा, फाडू नका. तेरावी ओळ पहिली करा, ‘तू’ शेवटपर्यंत टिकवा, मेंढपाळ हा शब्द एकदाही वापरू नका, आणि आवाज का बसला हे न सांगता तो बसल्यावर घशात काय झाले ते पुढच्या ओळीत लिहा.